मुरमाड बांधाला अंजन लावा, पण रोप आणू नका, बी टोका

दादा, मोहोळकडच्या मुरमाड बांधावर शेरडांना पाला होईल, पाणी घालत बसावं लागणार नाही असं देशी झाड तुम्ही विचारलंय. सुबाभूळ झटपट वाढते हे खरं, पण तिचं बी साऱ्या रानात पसरतं आणि मग आवरत नाही. माझं मत अंजनाला.

खानदेशात सातपुड्याच्या पायथ्याला नुसत्या खडकाळ टेकड्यांवर अंजनाची रानं उभी आहेत. आपल्या सोलापूर जिल्ह्यात सरासरी साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, अंजनाला तो पुरतो. बी रुजलं की आधी सोटमूळ खडकाच्या भेगा शोधत खोल जातं. वर मात्र पहिली काही वर्षं काडीच दिसते. इथंच माणसं कंटाळतात आणि लागलं नाही समजून सोडून देतात. सोडू नका, तेवढी वर्षं फक्त जनावरांपासून जपा. भोवती बाभळीच्या फांद्या रोवा, कारण शेरडांना कोवळा अंजन फार आवडतो.

पिशवीतलं रोप मला म्हणूनच पटत नाही. पिशवीच्या बुडाशी सोटमूळ गुंडाळलं जातं आणि झाडाची खरी ताकदच जाते. एप्रिल-मेमध्ये चपट्या, पातळ शेंगा वाळून गळतात. प्रत्येकीच्या टोकाला एकच बी असतं. दरवर्षी भरपूर धरत नाही, त्यामुळे मिळेल तेव्हा जमवा आणि ताजं असतानाच, पहिला चांगला पाऊस झाला की जागेवर दोन-तीन बिया टोका. आणताना पान बघून घ्या: दोन छोट्या दलांचं, लहान आपट्यासारखं. सह्याद्रीतली अंजनी हे वेगळंच झाड आहे.

काळ्या, पाणी धरणाऱ्या रानात लावू नका, तिथं तो टिकत नाही. नान्नजकडं माळढोकाचं गवताळ माळरान आहे, तसल्या माळावर तर कुठलंच झाड नको. बांध, ओढ्याची उंच कड, घराची कड इथं लावा.

झाड जमल्यावर पाला छाटता येतो, फक्त शेंडा राखा आणि दरवर्षी एकाच झाडाला ओरबाडू नका. लाकूड एवढं जड की पाण्यात बुडतं. गाड्या, औतं, तेलघाणे त्याचे होत. सालीच्या वाखाचे दोरही वळत. पण लाकडाचा हिशेब आत्ता धरू नका, ते तुमच्या नातवंडांच्या कामाचं. बांधावर पंधरा-वीस फुटांचं अंतर ठेवा आणि मधल्या जागेत तोवर शेवरी लावा, पहिल्या वर्षांचा पाला तिच्यावर भागेल.