1948 च्या आधी इंग्लंडात कृष्णवर्णीय लोक होते का, आणि व्हॉलंटियर लोक हे शोधतात कसं?

तुम्ही विचारलंय की विंडरश बोट (1948 मध्ये कॅरिबियन बेटांवरून लोकांना इंग्लंडात घेऊन आलेलं जहाज) यायच्या आधी इथे कृष्णवर्णीय लोक होते का, आणि जुनी कागदपत्रं चाळणाऱ्या व्हॉलंटियरना नक्की सापडतं काय. मी इथल्या एका काउंटी रेकॉर्ड ऑफिसात (म्हणजे जिल्ह्याच्या जुन्या कागदपत्रांच्या दप्तरखान्यात) हेच करतो (बायको म्हणते आधी स्वतःच्या खापरपणज्याचं नाव सांग!), म्हणून लिहितोय.

होते की. सातव्या हेन्रीच्या दरबारात जॉन ब्लँक हा आफ्रिकन वंशाचा ट्रम्पेटवाला होता, 1507 मध्ये त्याला दिवसाला 8 पेन्स पगार मिळाल्याची नोंद आहे. पण तो पडला राजाचा माणूस, त्याचं नाव राहणारच, खरी मजा गावाकडच्या कागदांत आहे.

1538 पासून प्रत्येक पॅरिशला (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाला किंवा वस्तीला) बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंदवही ठेवणं सक्तीचं झालं. ती आपण पानन् पान वाचायची, हातात फक्त पेन्सिल, पेनला बंदी, आणि अक्षर असं की मोडी परवडली. 'ब्लॅकमूर', 'नीग्रो' (दोन्ही कृष्णवर्णीयांसाठीचे जुने शब्द) असा शेरा दिसला की तो आहे तसा, स्पेलिंगच्या चुकांसकट उतरवून घ्यायचा. नुसतं आडनाव ब्लॅकमोर किंवा मूर दिसलं म्हणून उड्या मारायच्या नाहीत, तसे गोरे ढिगाने आहेत. आणि उलटंही होतं, पाद्र्याने रंग लिहिलाच नाही तर तो माणूस आपल्याला कधीच दिसत नाही, त्यामुळे यादीतला आकडा म्हणजे खरी लोकसंख्या असं कोणी म्हणालं तर मला पटत नाही. याच वह्यांत आपलेही लोक सापडतात बरं का, 1616 मध्ये लंडनला बंगालच्या एका मुलाचा बाप्तिस्मा झाला आणि त्याचं नाव ठेवलं पीटर पोप.

पण नुसत्या एका ओळीवर थांबलं की माणूस कळत नाही, मग मृत्युपत्रं, मालमत्तेच्या याद्या, कराचे कागद, जे मिळेल ते जोडून बघायचं. माझं आवडतं उदाहरण ब्रिस्टलजवळच्या आल्मंड्सबरी गावातल्या कॅटेलिनाचं. 1625 मध्ये ती वारली तेव्हा तिच्या सामानाची यादी झाली, त्यात अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी, एक टेबलक्लॉथ आणि एक गाय! सगळं मिळून साडेसहा पौंडांच्या आसपास, त्यातली निम्म्याहून जास्त किंमत एकट्या गाईची. यादीत तिच्यापुढे 'नीग्रा' असं लिहिलंय आणि ती अविवाहित असल्याचंही. म्हणजे बघा, स्वतःच्या मालकीची गाय असलेली आफ्रिकन बाई, इंग्लंडच्या खेड्यात, शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आधी. ती कोणाची गुलाम असती तर तिच्या नावावर अशी यादी कशाला कोण करत बसलं असतं?

तुम्हाला घरबसल्या बघायचं असेल तर लंडनच्या आर्काइव्हने 'स्विचिंग द लेन्स' नावाने अशा पॅरिश नोंदी ऑनलाइन टाकल्यात, त्यात आफ्रिकन, कॅरिबियन, आशियाई सगळे आहेत. तिथून सुरुवात करा.