आधी ऊब, मग दूध

ताई, तो ड्रॉपर खाली ठेवा आधी. तुम्ही लिहिलंय की मीटर रूममध्ये मांजराची तीन पिल्लं सापडली, डोळे मिटलेले, नाळ अजून लोंबतीये, आई काल रात्रीपासून दिसली नाही आणि पाणी घातलेलं गाईचं दूध पितच नाहीयेत. नाळ आहे म्हणजे चार-पाच दिवसांच्या आतली आहेत, या वयात त्यांना स्वतःचं अंग गरम ठेवताच येत नाही. पिल्लू गार पडलं की त्याचं पोटही काम करत नाही, पाजलेलं दूध आत तसंच पडून राहतं.

माझं पहिलं पिल्लू मी असंच घालवलं. पावसात भिजलेलं, गारढोण, आणि मी त्याला माणसाच्या बाळासारखं मांडीवर उताणं घेऊन पाजत बसले, दूध नाकातून बाहेर आलं तरी मला वाटलं जास्त झालं असेल म्हणून. दूध फुप्फुसात गेलं होतं. सकाळी संपलं.

तर आता खोक्यात जुनी सुती साडी घाला, गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एकाच बाजूला ठेवा म्हणजे जास्त गरम झालं तर त्यांना सरकता येईल, आणि बाटली गार झाली की बदला. आंघोळ अजिबात नाही, मळकी असली तरी.

अंग उबदार झालं, चोखायला लागली की मगच दूध. गाईचं नको, जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवाला जुलाब झेपत नाहीत. पेट शॉपमध्ये किटन मिल्क रिप्लेसर म्हणून मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते ती आणा, कालवलेलं दूध मनगटावर थेंब टाकून कोमट वाटलं पाहिजे. पिल्लू पोटावर पालथं, मान थोडीशीच वर, सिरिंजने थेंब थेंब. १०० ग्रॅमच्या पिल्लाला एका वेळी साधारण ४ मिली पुरे, पण दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. हो, झोपेचं खोबरं होतं, घरात कुणाशी तरी पाळ्या लावून घ्या.

आणि हे कुणी सांगत नाही, दर वेळी पाजल्यावर ओल्या कोमट कापसाने शी-शूची जागा हलकेच पुसायची. आई चाटून तेच करते, त्याशिवाय त्यांना होतच नाही.

आईचं म्हणाल तर आपल्याकडे म्हणतातच ना मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, एकेक उचलून नेते, मध्ये गायब असते. त्यामुळे पिल्लं गरम झाली की खोकं बाटलीसकट परत त्याच जागी ठेवा, आजूबाजूला थोडं पीठ भुरभुरवा आणि लांब जा, तुम्ही तिथे उभ्या असलात तर ती येणार नाही. दोन-तीन तासांत पिठात पावलं दिसली नाहीत किंवा पिल्लं गार पडून सारखी ओरडायला लागली तर वर आणा.

किचनच्या वजनकाट्यावर रोज एकाच वेळी वजन करा, दिवसाला १० ग्रॅम तरी वाढायला हवं. वाढलं नाही तर लगेच डॉक्टर, उद्यावर टाकू नका. आज रात्रीचे तिघांचे आकडे टाका इथे, मी जागीच आहे.