निवृत्त होणाऱ्या जाणत्या माणसाकडचं ज्ञान संस्थेत कसं टिकवायचं?

देखभाल विभागातले २५ वर्षं काम केलेले गृहस्थ दोन महिन्यांनी निवृत्त होताहेत, त्यांच्याकडून सगळं लिहून घ्यायला विकी (सगळ्यांना वाचता-सुधारता येणारा ऑनलाइन नोंदसंग्रह) सुरू करावं का, असं तुम्ही विचारलंय.

विकी नंतर. आधी त्यांना 'सगळं लिहून द्या' म्हणणं थांबवा. असं सांगितलं की माणूस मॅन्युअलमधलंच पुन्हा उतरवून देतो. हाताला, कानाला जे सवयीनं कळतं ते सांगण्यासारखं आहे हे त्याच्या ध्यानातच येत नाही.

पहिल्या आठवड्यात सहकाऱ्यांना विचारा: गेल्या दोन वर्षांत 'त्यांनाच विचारा' म्हणून कोणकोणती कामं त्यांच्याकडे गेली? रोजची कामं गाळा. क्वचित येणारी, पण चुकली तर महागात पडणारी दहा-बारा ठेवा.

मग आठवड्यातून दोनदा बसा. एका बैठकीत एकच खरा प्रसंग, तासाभरात आटपायचा. आधी काय खटकलं? आणखी काय असू शकलं असतं? नवखा इथे काय करून बसला असता? हा शेवटचा प्रश्न सोडू नका, खरा माल तिथेच निघतो.

समजा ते म्हणाले, 'पंपाच्या आवाजावरून कळतं.' तिथे थांबू नका. कसला आवाज? आत खडी खळखळल्यासारखा, की एकसुरी घरघर? खडीसारखा असेल तर ते बेअरिंगला हात न लावता आधी सक्शनचा गेज (पंप पाणी ओढतो त्या बाजूचा दाबमापक) बघतात आणि दाब नेहमीपेक्षा उतरला असेल तर गाळणी तपासतात. नवखा बेअरिंग बदलतो आणि आवाज तसाच राहतो. झाली एक नोंद. दोन्ही आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून तिला जोडा, कारण 'खडीसारखा' प्रत्येकाला वेगळा ऐकू येतो.

नोंद त्यांनी नाही, त्यांच्या जागी येणाऱ्यानं लिहायची आणि त्यांना वाचून दाखवायची. गैरसमज तिथेच उघडे पडतात. शेवटचे तीन आठवडे काम नव्या माणसानं करायचं, जुन्यांनी हाताची घडी घालून बघायचं. त्यांना तोंड उघडावं लागलं की समजा, नोंदीत काहीतरी राहिलंय. (धोका दिसला तर अर्थातच लगेच थांबवायचं.) हा टप्पा हमखास कापला जातो, कारण तोवर निरोप समारंभाची गडबड सुरू झालेली असते.

ते हातचं राखून बोलत असतील तर नोंदीवर त्यांचं नाव घाला. झेरॉक्स कंपनीच्या तंत्रज्ञांसाठी १९९०च्या दशकात उभ्या राहिलेल्या 'युरेका' या दुरुस्तीच्या युक्त्यांच्या संग्रहात हेच होतं: युक्तीवर सुचवणाऱ्याचं नाव, आणि इतर तंत्रज्ञांनी तपासल्याशिवाय ती सगळ्यांपुढे येत नसे.

आता विकी. शीर्षक लक्षणावरून द्या. 'केंद्रोत्सारी पंप: देखभाल' असं रात्रपाळीत कुणी शोधत नाही, 'पंपातून खडीसारखा आवाज' शोधतो. प्रत्येक नोंदीला एक जबाबदार माणूस आणि शेवटच्या तपासणीची तारीख हवी. यंत्र बदललं की नोंद पुन्हा तपासायची. वर्षभर कुणी उघडली नाही म्हणून मात्र पुसू नका, क्वचित लागणाऱ्याच तर जमवल्यात.