नळीच्या तोंडाशी काळा, टोकाशी पांढरा

प्रश्न : उत्प्रेरक अभिक्रियेत खर्च होत नाही, असं मी वर्गात शिकवते. मग कारखान्यांत झिओलाइट उत्प्रेरक पुन्हा पुन्हा जाळून साफ का करावा लागतो, आणि शेवटी बदलावा का लागतो? – एक शिक्षिका

उत्तर : तुमचं वाक्य बरोबर आहे, पण ते आपल्याला हव्या असलेल्या अभिक्रियेपुरतं. तिच्यासोबत नको असलेल्या अभिक्रियाही त्याच पृष्ठभागावर चालू असतात, आणि माझं बहुतेक काम त्यांच्याच मागावर असतं.

झिओलाइट म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांचे स्फटिक. मिथेनॉलपासून हायड्रोकार्बन बनवणाऱ्या झिओलाइटांवर मी काम करते, मुख्यतः झेडएसएम-५ या प्रकारावर. या स्फटिकात साधारण ०.५५ नॅनोमीटर रुंदीचे बोगदे एकमेकांना छेदत जातात. सांगाड्यात सिलिकॉनच्या जागी जिथे ॲल्युमिनियम बसतो, तिथे एक ऋण भार उरतो आणि तो तोलायला एक प्रोटॉन येतो. हाच प्रोटॉन आम्लाचं काम करतो. मिथेनॉलची वाफ ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास आत शिरली की थोड्याच वेळात मिथाइल गट लागलेली बेंझीनची कडी तयार होते. ती आतच राहून नवं मिथेनॉल पकडते, इथिलीन-प्रोपिलीन सोडते, पुन्हा मिथेनॉल पकडते. पण तिला आणखी कड्या जुळत गेल्या की तिचाच कोक, म्हणजे कार्बनचा काळा साका, होतो. जिच्याशिवाय अभिक्रिया चालत नाही, तीच शेवटी तिची वाट अडवते. या विषयाने मला धरून ठेवलंय ते यामुळेच.

झेडएसएम-५ च्या बोगद्यांत मोठ्या कड्यांना वाढायला जागा नसते. म्हणून तिथे कोक बराचसा स्फटिकाच्या बाहेरच्या अंगावर साचतो आणि तोंडं बुजवतो. सापो-३४ या त्याच्या नातलगात मात्र आत मोठे पिंजरे आणि बाहेर पडायला ०.३८ नॅनोमीटरच्या खिडक्या. आत बनलेली बेंझीनची कडी बाहेर येऊच शकत नाही. तो इतक्या लवकर निकामी होतो की कारखान्यात त्याची भुकटी सतत फिरती ठेवावी लागते : रिॲक्टरमधून कोक जाळण्याच्या भांड्यात, तिथून परत रिॲक्टरमध्ये.

प्रयोगशाळेत हे निकामी होणं सहज दिसत नाही, आणि याबद्दल मला जरा कळकळीने सांगायचंय. ज्या नळीत उत्प्रेरक भरून मिथेनॉलची वाफ सोडतात, तिच्यात गरजेपेक्षा जास्त उत्प्रेरक भरला, तर बाहेर पडणाऱ्या वायूत तासन् तास मिथेनॉल सापडत नाही. आलेखावर शंभर टक्क्यांची सरळ आडवी रेघ येते आणि लोक 'टिकाऊ' असं लिहून मोकळे होतात. तीच नळी मध्येच थांबवून थर-थर रिकामी करा. तोंडाकडचे दाणे काळे, मधले करडे, टोकाचे जवळजवळ पांढरे निघतात. म्हणजे पुढचा भाग केव्हाच मेलेला असतो, आणि मागचे ताजे दाणे त्याचं मरण झाकत असतात. म्हणून मी आडव्या रेघेवर विश्वास ठेवत नाही. मिथेनॉल बाहेर दिसू लागेपर्यंत एक ग्रॅम उत्प्रेरकाने किती ग्रॅम मिथेनॉल बदललं, तो आकडा मी मागते.

कोक हवेत जाळला की उत्प्रेरक पुन्हा काम करू लागतो, बहुतेक वेळा ५५० अंशांच्या आसपास. पण घाई केली तर घात होतो. जळताना उष्णता निघते, पाण्याची वाफही निघते, आणि तापलेली वाफ सांगाड्यातून ॲल्युमिनियम उपटून काढते. ॲल्युमिनियम गेला की त्याचा प्रोटॉनही गेला. म्हणून सुरुवातीला हवेत भरपूर नायट्रोजन मिसळून तापमान हळूहळू चढवतात. कोक जाळून घालवता येतो, सांगाड्यातून निघालेला ॲल्युमिनियम सहसा परत बसत नाही. उत्प्रेरक शेवटी बदलावा लागतो, त्याचं एक मोठं कारण हे.

तेलशुद्धीकरणात मात्र कोकची गरजही असते. १९६० च्या दशकात झिओलाइट जड तेल तोडायच्या कामाला लागले. त्या यंत्रणेत तेलाशी त्यांची गाठ काही सेकंदांचीच पडते, आणि त्यांच्यावरचा कोक शेजारच्या भांड्यात जाळून मिळणारी उष्णताच तेल तोडायला वापरतात.

प्रश्न : झिओलाइटची छिद्रं 'पॅरा' झायलीनच नेमकं निवडतात म्हणे. छिद्राला रेणू ओळखता येतो का? – बी.एस्सी.चा विद्यार्थी

उत्तर : नाही, फरक वेगाचा असतो. झायलीन म्हणजे दोन मिथाइल गट लागलेली बेंझीनची कडी; ते गट कुठे आहेत त्यावरून ऑर्थो, मेटा आणि पॅरा अशी तिची तीन रूपं होतात. पॅरा-झायलीनचे दोन मिथाइल गट समोरासमोर असल्याने तो सडपातळ रेणू बोगद्यातून भराभर सरकतो. ऑर्थो आणि मेटा रखडतात, आणि रखडता रखडता आम्लाच्या जागी त्यांचं रूप बदलून त्यांतलेही काही पॅरा होऊन निसटतात. मात्र बाहेरच्या अंगावरचे प्रोटॉन निघालेल्या पॅराचं पुन्हा मिश्रण करून टाकतात, म्हणून ते अंग सिलिकाच्या पातळ थराने झाकतात. आणि छिद्र म्हणजे पोलादी कडी नव्हे. ४०० अंशांना सांगाडा थरथरत असतो, त्यामुळे कागदावर न मावणारा रेणूही कधी कधी आत जातो.

प्रश्न : मी केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या संशोधनासाठी आत्तापासून काय करू? – एक विद्यार्थिनी

उत्तर : विसरण, म्हणजे डिफ्यूजन, पक्कं कर. थीले मोड्युलस, म्हणजे दाण्यात अभिक्रिया विसरणाच्या मानाने किती वेगवान आहे ते सांगणारा आकडा, सूत्र म्हणून पाठ करू नकोस, एकदा स्वतः मांडून काढ. गॅस क्रोमॅटोग्राफचं, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूतले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचं, कॅलिब्रेशन दुसऱ्याकडून करून घेऊ नकोस. आणि प्रत्येक प्रयोगानंतर कार्बनचा हिशेब जुळव : आत गेलेला एकीकडे, बाहेर आलेला आणि दाण्यांवर कोक होऊन बसलेला दुसरीकडे. दहा टक्के कार्बन हरवला असेल, तर आलेख काढू नकोस. आधी जोडण्या तपास, मग नळीपासून क्रोमॅटोग्राफपर्यंतची वाट पुरेशी तापलेली आहे का ते बघ. जड हायड्रोकार्बन बहुतेक तिथेच थंड होऊन बसलेले असतात.