कायद्याचं संरक्षण असलेल्या रेल्वेच्या जुन्या इमारतीही का पाडल्या जातात? कोल्हापूर स्टेशनचं काय होईल?

मी कोल्हापूरचाच, त्यामुळे प्रश्नाचा दुसरा भाग मलाही छळतो. पण पहिला भाग समजल्याशिवाय त्याचं उत्तर लागत नाही.

वारसा यादीत नाव आलं म्हणजे इमारत वाचली असं आपण धरून चालतो. खरं तर यादी एवढंच सांगते, की पाडायच्या आधी परवानगी घ्या. लंडनच्या युस्टन स्टेशनसमोर १८३७ मध्ये उभारलेली भव्य दगडी कमान यादीत होती, तरी १९६१-६२ मध्ये ती पाडली. स्टेशन नवं बांधायचं होतं, रेल्वे सरकारची आणि शेवटचा निर्णयही सरकारचाच. लोक पंतप्रधानांपर्यंत गेले, उपयोग झाला नाही. कमानीचे बरेच दगड एका कालव्यात भराव म्हणून टाकले. त्या धक्क्यातून लोक जागे झाले आणि शेजारचं सेंट पँक्रास स्टेशन वाचलं. १९६७ मध्ये त्याला वारसा यादीतला सर्वोच्च दर्जा मिळाला.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. पालिकेची वारसा यादी राज्याच्या नगररचना कायद्याखाली येते. रेल्वे केंद्राची, आणि रेल्वे अधिनियम १९८९ चं कलम ११ रेल्वेला इतर कायद्यात काहीही असलं तरी आपल्या इमारती बदलायचा, त्यांच्या जागी दुसऱ्या बांधायचा अधिकार देतं. मुंबईच्या सीएसएमटीला २००४ मध्ये जागतिक वारशाचं स्थान मिळालं, तिच्यावर जगाची नजर आहे. लहान गावच्या स्टेशनांकडे कोण बघतंय? शिवाय यादीत आली तर दर्शनी इमारत येते. मालाची गोदामं, सिग्नल केबिन, पाण्याच्या टाक्या, कर्मचाऱ्यांच्या चाळी आधी ओस पडतात, मग 'धोकादायक' ठरतात आणि एक दिवस नाहीशा होतात. माझ्या मते खरी हानी इथेच होते.

कोल्हापूरची रेल्वे मुळात संस्थानाची. १८८८ मध्ये कोवळ्या वयाच्या शाहू महाराजांच्या हस्ते कामाची सुरुवात झाली, १८९१ मध्ये मिरजेहून गाडी आली. पुढे १८९५ मध्ये महाराजांनी शाहूपुरी ही बाजारपेठ वसवली आणि गुळाचा व्यापार वाढला. स्टेशनला आज महाराजांचं नाव आहे ते उगाच नाही. आता स्टेशन अमृत भारत या रेल्वेच्या स्टेशन-सुधारणा योजनेत आहे. सुधारणा हवीच, म्हाताऱ्या माणसांना लिफ्ट नको असं कुणी म्हणणार नाही. पण जुन्याला धक्का न लावता नवं बांधता येतं, आणि तो आग्रह आराखडा कागदावर असतानाच धरावा लागतो. जेसीबी आल्यावर निवेदनं देऊन काही हाती लागत नाही.

तेव्हा तुम्ही कोल्हापुरात असाल तर माहितीच्या अधिकारात मंजूर आराखडा मागवा आणि जुन्या बांधकामाचं काय ठरलंय ते लेखी विचारा. महापालिकेच्या वारसा समितीकडे स्टेशनबरोबर गोदामं, चाळी यांचीही नोंद व्हावी असा अर्ज द्या. आणि फोटो काढा, दारं-खिडक्यांच्या मापांसह. दुरुस्ती करायची वेळ आली की तेच कागद लागतात.