माइक लावला, आवाज कुठे गेला?

कॅमेऱ्याला बाहेरचा माइक लावल्यावर येणाऱ्या अडचणींची ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. उत्तरांआधी एक कळकळीची विनंती. कॅमेऱ्याला हेडफोनचं सॉकेट असेल तर कानाला हेडफोन लावल्याशिवाय शूटिंग सुरू करू नका. स्क्रीनवरची हिरवी पट्टी हलतेय म्हणजे आवाज नीट येतोय असं नाही, खरखरीनेही ती तशीच हलते. हेडफोनचं सॉकेट नसेल तर वीस सेकंदांचं रेकॉर्डिंग करून ते लगेच ऐका.

कॉलर माइक मोबाइलवर छान चालतो. तोच कॅमेऱ्याला लावला की आवाज विहिरीतून आल्यासारखा, कधी कधी येतच नाही. माइक खराब आहे का? (एक शिक्षिका, कळवा)

मोबाइलवर चालतो म्हणजे माइक बहुतेक धडधाकट आहे. आता त्याची पिन उजेडात धरा आणि तिच्यावरच्या काळ्या पट्ट्या मोजा. दोन पट्ट्या असतील तर पिन तीन भागांची, म्हणजे टीआरएस. तीन पट्ट्या असतील तर चार भागांची, म्हणजे टीआरआरएस. मोबाइलच्या पद्धतीत माइकचा आवाज पिनेच्या सर्वांत मागच्या भागावर येतो आणि ग्राउंड (विजेची परतीची वाट) त्याच्या पुढच्या रिंगवर. कॅमेऱ्यात नेमका तोच मागचा भाग ग्राउंडचा असतो, आणि आवाजाची वाट बघितली जाते टोकावर (डावी बाजू) आणि रिंगवर (उजवी बाजू). त्यामुळे मोबाइलची पिन थेट कॅमेऱ्यात घातली की तुमचा आवाज ग्राउंडमध्ये जातो.

यावर उपाय म्हणजे टीआरआरएस ते टीआरएस कन्व्हर्टर. रोडचा एससी-३ याच कामाचा आहे. हेडफोन आणि माइक अशा दोन शेपट्यांचा कन्व्हर्टर घरात पडला असेल तर त्यानेही भागतं, फक्त माइकचं चित्र असलेली शेपटी कॅमेऱ्यात घाला. दुकानात ‘मोबाइल माइकचा कन्व्हर्टर’ एवढंच सांगितलं तर उलट्या दिशेचा हातात पडतो, म्हणून माइक आणि कॅमेरा दोन्ही सोबत न्या.

बोया बाय-एम-१ सारख्या माइकचं मात्र वेगळं आहे. त्याची पिन चार भागांची असली तरी तो थेट कॅमेऱ्यात लावायचा असतो, पण वायरीतल्या छोट्या डबीवरचं बटण ‘कॅमेरा’कडे सरकवावं लागतं. त्या स्थितीत तो एलआर-४४ या बटण सेलवर चालतो. काम झाल्यावर बटण तसंच राहिलं की पुढच्या वेळी सेल बसलेला असतो. नवा सेल साधारण १.५ व्होल्ट दाखवतो. मल्टिमीटरवर १.३ च्या खाली दिसला तर बदला, आणि घालताना + खूण डबीतल्या खुणेशी जुळवा.

सेल नसलेला साधा माइक असेल तर त्याला लागणारी थोडीशी वीज कॅमेराच सॉकेटातून देतो. तिला प्लग-इन पॉवर म्हणतात. काही कॅमेऱ्यांच्या मेनूत ती बंद करता येते, तर ती चालू आहे ना ते बघा. शेवटी, पिन ‘टक्’ होईपर्यंत आत गेली आहे का? कॅमेऱ्यावर कव्हर किंवा केज चढवली की पिनेचं जाड प्लास्टिक अडतं आणि दीड-दोन मिलिमीटर पिन बाहेर राहते. आवाज जायला तेवढंही पुरतं.

मंडळाच्या व्याख्यानाला साउंडवाल्याच्या मिक्सरमधून एक्सएलआर केबलने थेट कॅमेऱ्यात आवाज घेतला. हेडफोनवर वक्ता स्पष्ट ऐकू येतो. व्हिडिओ ग्रुपवर टाकला तर सगळे म्हणतात, मोबाइलवर नुसती कुजबुज ऐकू येते. रेकॉर्डिंग वाया गेलं का? (एक कार्यकर्ता, वाशी)

अजिबात नाही. रेकॉर्डिंग पूर्ण शाबूत आहे, दहा मिनिटांत दुरुस्त होईल.

आधी कारण समजून घ्या, कारण ही चूक बाजारात तयार मिळणाऱ्या केबलमध्येच असते. एक्सएलआरला तीन पिना असतात. १ नंबर ग्राउंड, २ नंबरवर आवाज आणि ३ नंबरवर तोच आवाज उलटा करून. म्हणजे २ वरची लहर वर गेली की ३ वरची खाली. लांब केबलमध्ये शिरलेला गोंगाट पुढे वजा करता यावा म्हणून ही सोय. कॅमेऱ्याचं ३.५ मिलिमीटरचं सॉकेट स्टीरिओ असतं, त्याला यातलं काही कळत नाही. साध्या केबलमध्ये पिन २ टोकाला आणि पिन ३ रिंगला झाळलेली असते. झालं, डाव्या कानात सरळ आवाज, उजव्या कानात उलटा. हेडफोनवर दोन्ही बाजू वेगवेगळ्या राहतात म्हणून ऐकू येतं. नीट लक्ष दिलंत तर आवाज डोक्याच्या मधोमध न येता दोन्हीकडे पसरल्यासारखा वाटेल, हीच त्याची ओळख. मोबाइलचा स्पीकर डावा-उजवा एकत्र करतो, आणि सरळ अधिक उलटा म्हणजे शून्य.

दुरुस्तीसाठी एकच बाजू ठेवा आणि ती दोन्हीकडे वाजवा. प्रीमियरमध्ये ‘फिल राइट विथ लेफ्ट’ हा इफेक्ट टाका. दाविंची रिझॉल्व्हमध्ये क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये जाऊन ऑडिओ मोनो करा आणि एकच चॅनल निवडा. ऑडॅसिटीत स्टीरिओ ट्रॅक वेगळा करून एक बाजू ‘इन्व्हर्ट’ केली तरी चालेल.

पुढच्या वेळेसाठी केबल बदलायलाच हवी. झाळकाम येत असेल तर पिन २ ही टोक आणि रिंग दोघांनाही जोडा, पिन १ मागच्या भागाला. मिक्सरच्या आउटपुटला ट्रान्सफॉर्मर नसेल (आजच्या बहुतेक मिक्सरना नसतो) तर पिन ३ मोकळी सोडा. ट्रान्सफॉर्मर असेल तर ती पिन १ ला जोडावी लागते.

आता दुसरा धोका. मिक्सरवाल्याने आउटपुट खाली ठेवलं असणार म्हणून या वेळी तुमचा आवाज फाटला नाही. मिक्सरमधून बाहेर येतो तो लाइन लेव्हलचा, म्हणजे जोरकस आवाज, आणि कॅमेऱ्याचं सॉकेट माइक लेव्हलसाठी, म्हणजे माइकमधून येणाऱ्या अगदी क्षीण आवाजासाठी. दोघांत ढोबळमानाने ४० ते ५० डेसिबलचा फरक आहे. कॅमेऱ्यातली लेव्हल १ वर आणूनही आवाज फाटत असेल तर तो आतल्या पहिल्याच पायरीवर फाटतोय, आणि तसा फाटलेला आवाज एडिटिंगमध्ये पूर्ववत होत नाही. त्यासाठी मध्ये पॅड, म्हणजे आवाज उतरवणारा जोड हवा. तयार ४० डेसिबलची अ‍ॅटेन्युएटर केबल मिळते. स्वतः करायची तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पाव वॉटचे दोन रेझिस्टर आणा, १० किलोओहम आणि १०० ओहम. पिन २ वरून १० किलोओहम पुढे न्या. त्याच्या पलीकडच्या टोकापासून ग्राउंडला १०० ओहम लावा, आणि तिथूनच पिनेच्या टोकाला आणि रिंगला वायर काढा. आवाज शंभर पटीने उतरतो, म्हणजे ४० डेसिबल. दोन्ही रेझिस्टर एक्सएलआरच्या डबीत आरामात बसतात, फक्त पायांवर स्लीव्ह चढवा. नाहीतर ते एकमेकांना टेकतात आणि भर कार्यक्रमात आवाज जातो.

मिक्सर जोडल्यावर ‘घुंऽऽ’ असा अखंड आवाज आला तर कॅमेऱ्याचा अ‍ॅडॉप्टर काढून बॅटरीवर चालवा. तेवढ्याने थांबला तर तो ग्राउंड लूप होता, म्हणजे दोन उपकरणांच्या ग्राउंडमधून गोल फिरणाऱ्या विजेचा आवाज. अ‍ॅडॉप्टर लावणं भागच असेल तर आवाजाच्या केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्यात माणसाला शॉक बसू शकतो.

गडकरी रंगायतन असो की वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह, पडदा उघडण्याआधी साउंडवाल्याला गाठून एक मिनिट बोलायला लावा आणि कॅमेऱ्याच्या पट्टीवर सर्वांत मोठा आवाज −१२ डेसिबलच्या आसपास ठेवा. वक्ता रंगात आला की आवाज चढतो, ती वरची जागा त्याच्यासाठी.

घरी स्वयंपाकाचे व्हिडिओ करते. कॅमेऱ्यावर गन माइक आहे. बोलणं थांबलं की ‘स्स्स’ असा आवाज हळूहळू मोठा होतो आणि बोलायला लागले की गायब! (घोडबंदर रोड, ठाणे)

हे काम ऑटो लेव्हलचं. तुम्ही गप्प झालात की कॅमेऱ्याला वाटतं आवाज कमी पडला, मग तो लेव्हल चढवत नेतो आणि स्वतःच्याच सर्किटची सरसर तुम्हाला ऐकवतो. साउंड रेकॉर्डिंग ‘मॅन्युअल’ करा. माइकवर +२० डेसिबलचं बटण असेल (रोडच्या व्हिडिओमाइक प्रोवर आहे) तर ते लावून कॅमेऱ्याची लेव्हल तितकी खाली आणा. माइकमधलं सर्किट कॅमेऱ्यापेक्षा स्वच्छ असतं, वाढवायचं काम त्याच्याकडे द्यावं.

पण खरा फरक अंतराने पडतो. अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. दोन मीटरवरून अर्ध्या मीटरवर आणलात तर १२, आणि सरसर तिथल्या तिथे राहते. माइक कॅमेऱ्यावरून उतरवा, एक्स्टेंशन वायर लावा आणि ओट्याच्या वर, फ्रेमच्या जरा बाहेर, तुमच्या तोंडाकडे रोखून टांगा. चिमणी आणि पंखा बोलण्यापुरता बंद ठेवा. स्वयंपाकघरातल्या टाइल्समुळे आवाज घुमत असेल तर कॅमेऱ्यामागे एक जाड गोधडी टांगून बघा, लगेच फरक कळेल.

पावसाळ्यात माइकमधून मधूनच ‘टप्प… खर्रर्र’ असे आवाज येतात. वायर बदलली तरी तेच. (नेरूळ)

वायर बदलूनही तेच म्हणजे ओल माइकच्या आत आहे. आपल्याकडे खाडीची दमट हवा, त्यात एसी गाडीतून थंडगार माइक बाहेर काढला की त्याच्यावर दव धरतं, गार पाण्याच्या बाटलीवर धरतं तसंच. कंडेन्सर माइकचा पडदा फार बारीक असतो आणि त्यावर विद्युतभार असतो. ओलीमुळे तो भार गळतो, तेव्हा हे टपटप ऐकू येतं. खात्रीसाठी माइक स्टँडवर ठेवा आणि कशालाही हात लावू नका. तरीही आवाज आला तर ओल. वायर हलवल्यावरच आला तर वायर किंवा सॉकेट.

माइक रात्रभर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. हेअर ड्रायर, ऊन, तांदळाचा डबा यांपैकी काहीही नको. तांदळाची पूड जाळीत जाऊन बसते. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलीने भरलेत, गरम करून वाळवा आणि पुन्हा वापरा. बाहेर शूटिंग असेल तर माइक झिपच्या पिशवीत बंद ठेवून गाडीतून उतरवा आणि वीसेक मिनिटांनी पिशवी उघडा, म्हणजे दव पिशवीवर धरेल.

पिनेवर हिरवट-काळा थर दिसला तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापडावर पुसा. सॉकेटमधला कचरा लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा, टाचणी घालू नका. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या सॉकेटात एक नाजूक पाती असते, पिन घातली की ती आतला माइक बंद करते. ती वाकली किंवा चिकटली तर बाहेरचा माइक काढल्यावरही कॅमेरा मुका राहतो, मग सॉकेटच बदलावं लागतं.

ऐरोलीच्या खाडीवर फ्लेमिंगो शूट करताना वाऱ्याने आवाजाची वाट लागते. स्पंज तर लावलेला आहे. (ऐरोली)

स्पंज घरातल्या पंख्यापुरता आणि ‘प’, ‘फ’च्या फुंकरीपुरता. खाडीवर केसाळ कव्हरच हवं, शक्यतो स्पंजच्या वरून. सोबत माइकवरचा लो-कट (७५ ते १०० हर्ट्झच्या खालची घरघर कापणारा फिल्टर) लावा. एडिटिंगमध्ये करू म्हणून सोडू नका. वाऱ्याचा धक्का लेव्हलच ओलांडून गेला तर आवाज रेकॉर्ड होतानाच फाटतो, मग नंतरचा फिल्टर काय करणार? कव्हरचे केस ओले होऊन चिकटले की ते निकामी होतं, वाळवून विंचरून घ्या.

कॅनन १५००डी ला माइक कुठे लावायचा? सॉकेट सापडत नाही. (खारघर)

त्याला माइकचं सॉकेट नाहीच. यूएसबीच्या जागी लावायचा कुठलाही कन्व्हर्टर चालणार नाही, पैसे घालवू नका. कॉलर माइक मोबाइलला लावा, मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून खिशात ठेवा आणि त्यातच रेकॉर्ड करा. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. एडिटिंगमध्ये टाळीचा चित्रातला क्षण आणि आवाजाचं टोक जुळवलं की काम झालं. दोन उपकरणांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत, म्हणून लांब कार्यक्रमात ओठ आणि आवाज काही फ्रेमने सरकतात. दर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा टाळी द्या.

वायरलेस माइकमध्ये उजव्या बाजूचा आवाज नेहमी कमी येतो. आणि स्लो मोशनमध्ये तर आवाजच नाही! (कोपरखैरणे)

पहिलं बिघाड नसून सोय असण्याची शक्यता जास्त. रिसीव्हरवर ‘सेफ्टी’ मोड चालू असेल तर तोच आवाज दुसऱ्या बाजूला कमी लेव्हलने नोंदला जातो, म्हणजे कोणी अचानक ओरडलं आणि डावी बाजू फाटली तरी उजवी वाचते. एडिटिंगमध्ये दोन्ही कानांना डावी बाजूच द्या, आणि ती जिथे फाटली असेल तेवढाच तुकडा उजवीकडून उचला. नको असेल तर रिसीव्हर ‘मोनो’वर ठेवा.

स्लो मोशनचं म्हणाल तर सोनीचा एस अँड क्यू मोड आणि कॅननचा हाय फ्रेम रेट आवाज नोंदवतच नाहीत. माइकला हात लावू नका. आवाजही हवा असेल तर साध्या मोडमध्ये १०० किंवा १२० फ्रेमवर शूट करा, कॅमेऱ्यात ती सोय असेल तर, आणि वेग एडिटिंगमध्ये कमी करा.