फाइल एकच, मग केस का जुळेना?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेझर कटिंगचं वर्कशॉप चालवणाऱ्या ताई या सदरात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.

प्रश्न: ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मिनी-आयटीएक्स बोर्डासाठी (कॉम्प्युटरचा छोटा मदरबोर्ड) ५ मिमी अ‍ॅक्रिलिकची केस, म्हणजे पेटी, बनवली. स्क्रू फक्त बोर्डाला, बाकी सगळे भाग खाचांत अडकतात. माझी मस्त जुळली, म्हणून कापायच्या रेषांची डीएक्सएफ फाइल सगळ्यांसाठी खुली केली. आता नाशिकचा एक जण म्हणतो की १७० मिमीचा तळ मशीनवर पावणेसात मिमीचा दिसतोय. नागपूरचा म्हणतो की खाचा इतक्या सैल आहेत की केस उभीच राहत नाही. फाइल तर एकच आहे! (इचलकरंजी)

उत्तर: तुझं डिझाइन चुकलेलं नाही. फाइलसोबत जी माहिती जायला हवी होती, ती तुझ्याकडेच राहिली.

आधी नाशिक. डीएक्सएफ हा प्रकार १९८२ साली ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरबरोबर आला. त्यात रेषा आकड्यांत लिहिलेल्या असतात, पण तो आकडा मिलिमीटरचा की इंचाचा, याची नोंद जुन्या आर-१२ प्रकारात होतच नाही. पुढच्या प्रकारांत ती सोय आहे, तरी ती नोंद वाचतच नाहीत अशी मशीनची सॉफ्टवेअर आजही चालू आहेत. तुझ्या सॉफ्टवेअरने फाइल काढताना इंच धरले असणार. १७० चे ६.६९३ झाले आणि तिकडच्या ऑपरेटरने ते मिमी धरले. २५.४ ने गुणलं की सगळं जागेवर येईल.

हा घोळ निदान लगेच दिसतो. एसव्हीजी या रेषाचित्रांच्या दुसऱ्या फाइल-प्रकारातला दिसत नाही, म्हणून मला त्याची जास्त धास्ती वाटते. इंकस्केप हे सॉफ्टवेअर ०.९२ आवृत्तीच्या आधी एका इंचाला ९० पिक्सेल धरायचं, तेव्हापासून ९६ धरतं. जुनी फाइल नव्या हिशोबाने उघडली तर १७० मिमीचे १५९.४ होतात. स्क्रीनवर सगळं व्यवस्थित दिसतं, शीट कापून झाल्यावर बोर्ड बसत नाही आणि शीटचे पैसे जातात. यावर उपाय सोपा आहे. फाइलच्या कोपऱ्यात, वेगळ्या लेयरवर १०० मिमीचा चौकोन काढ आणि त्यात लिही, ‘ही बाजू १०० मिमी, मोजून बघा, कापू नका.’ ऑपरेटर कुठल्याही गावचा असो, त्याला तुला फोन करावा लागणार नाही.

आता नागपूर. इथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्यात. पहिली म्हणजे कर्फ. लेझरचा किरण रेषेवरून जाताना थोडं मटेरियल खातो. सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) लेझरवर अ‍ॅक्रिलिक कापताना हा पट्टा साधारण ०.१ ते ०.३ मिमी रुंद असतो. ०.२ धर. २० मिमीची जीभ १९.८ ची होते आणि तिच्यासाठी काढलेली २० ची खाच २०.२ ची. म्हणजे ०.४ मिमीचा ढिलेपणा कोणी न मागता आला. दुसरी गोष्ट शीटची जाडी. दुकानात ‘५ मिमी’ म्हणून मिळणारी शीट कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) लावला की ४.७ भरते, कधी पाचाच्या वर जाते. तुझ्या शीटला आणि तुझ्या मशीनला बरोबर बसणारी खाच नागपूरच्या शीटला सैल होणारच.

तू कर्फची भरपाई फाइलमध्येच करून दिली आहेस का? तसं असेल तर ती काढून टाक. वाटायच्या फाइलमध्ये खरी मापं असावीत आणि भरपाई ज्याची त्याने आपल्या मशीनवर द्यावी, याबद्दल माझं मत ठाम आहे. नाहीतर तूही भरपाई देतोस, ऑपरेटरही देतो आणि खाच इतकी घट्ट होते की जीभ ठोकून बसवताना अ‍ॅक्रिलिकला तडा जातो. फाइलमध्ये स्पष्ट लिही: ‘कर्फ धरलेला नाही. शीट ५.० मिमी गृहीत.’ सोबत एक छोटी पट्टी दे, तिच्यात ४.५ पासून ५.२ पर्यंत ०.१ च्या फरकाने खाचा असू देत. प्रत्येकाने आधी तीच कापावी. कुठली खाच घट्ट बसते ते हाताला कळतं, मग पूर्ण शीट लावावी.

शक्य असेल तर मूळ फाइलही दे, हे मी अगदी मनापासून सांगते. फ्रीकॅडमध्ये किंवा ओपनएससीएडीमध्ये जाडी हा एकच आकडा ठेवून सगळ्या खाचा त्याच्यावर बांधता येतात. तो ५ चा ४.७ केला की संपूर्ण केस आपोआप बदलते. नुसती डीएक्सएफ मिळालेल्या माणसाला एकेक खाच हाताने सुधारत बसावं लागतं. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, त्यामुळे अडचण कोणालाच नाही.

बोर्डाच्या भोकांबद्दल. तुझी फाइल बघून दुसरा कोणी बदल करेल, तेव्हा त्याला हे माहीत हवं. मिनी-आयटीएक्स हे माप व्हिया कंपनीने २००१ साली आणलं, पण भोकं जुन्या, मोठ्या एटीएक्स बोर्डाच्याच जागांवर ठेवली. त्यामुळे ती आयताच्या चार कोपऱ्यांत नाहीत. आयत १५७.४८ गुणिले १५४.९४ चा, आणि एक भोक कोपऱ्यापासून २२.८६ मिमी सरकलेलं. हे विचित्र आकडे इंचांतून आलेत. त्यांना गोल करून १५८ आणि १५५ करू नका. मागच्या आय-ओ प्लेटचं (जिथे केबल जोडतात) तोंड १५८.७५ गुणिले ४४.४५, १२० मिमी पंख्याच्या भोकांमधलं अंतर १०५. ही मापं ड्रॉइंगवर लिहून ठेव.

शेवटचं, केसवर नाव कोरणाऱ्यांसाठी. अक्षरं आधी रेषांमध्ये बदला. तो फॉन्ट समोरच्याकडे नसेल तर देवनागरीची दशा होते: जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते. नाव आरपार कापणार असाल तर ‘व’ आणि ‘ब’ यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो, तिथे बारीक पूल ठेवावा लागतो. एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषाही काढून टाका. लेझर तिथून दोनदा जातो आणि कड जळते.

प्रश्न: अशीच एक फाइल मला मिळाली. अ‍ॅक्रिलिक महाग पडतं म्हणून सनबोर्डात कापून घेऊ का? (सोलापूर)

उत्तर: नाही. कृपा करून नाही. बाजारात सनबोर्ड म्हणून जो मिळतो तो बहुतेक वेळा फुगवलेला पीव्हीसी असतो. लेझरने पीव्हीसी जळला की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, ओलाव्यात त्याचं आम्ल होतं. ते मशीनच्या लेन्सला आणि रुळांना खातं, आणि समोर उभ्या असलेल्या पोराच्या फुप्फुसात जातं. माझ्याकडे सनबोर्ड घेऊन आलेल्यांना मी परत पाठवते. शंका असेल तर उघड्या हवेत तांब्याची तार तापवून तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. हिरवी ज्योत दिसली तर त्यात क्लोरीन आहे. स्वस्तात हवं असेल तर एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबलेली शीट) घ्या. आणि फाइल वाटणाऱ्यांनो, ‘पीव्हीसी वापरू नका’ ही ओळ फाइलमध्येच टाका.

प्रश्न: फाइलवर ‘सीसी बाय-एनसी’ असा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लिहिलाय. दुकानात पैसे देऊन कापून घेतली तर चालेल का? चार केस बनवून विकल्या तर? (ठाणे)

उत्तर: विकायच्या असतील तर ज्याने फाइल बनवली त्याची परवानगी घ्या. एनसी म्हणजे व्यापारासाठी नाही. स्वतःसाठी कापून घेताना तुम्ही दुकानदाराला मजुरी देता, डिझाइनचे पैसे देत नाही. अमेरिकेत शाळांनी एनसी परवान्याचं शैक्षणिक साहित्य पैसे देऊन दुकानातून छापून घेतलं, तो वाद कोर्टात गेला. २०१८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने निकाल शाळांसाठी छापून देणाऱ्या दुकानाच्या बाजूने दिला. आपल्याकडे तो निकाल बंधनकारक नाही, पण विचार मला पटतो. फाइलवर परवाना लिहिलेलाच नसेल तर ‘सगळ्यांसाठी मोकळी’ असं समजू नका. तेव्हा हक्क बनवणाऱ्याकडेच असतात.

स्वतःचं डिझाइन वाटणाऱ्यांना मी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेचा ओपन हार्डवेअर परवाना सुचवते. तो प्रत्यक्ष वस्तूंचा विचार करूनच लिहिलाय. २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचे तीन प्रकार आहेत. त्यातल्या कडक प्रकारात विकायला परवानगी आहे, पण बदल केलेली मूळ फाइलही पुढे द्यावी लागते. उद्यमनगरातल्या छोट्या दुकानदाराला चार पैसे मिळावेत आणि सुधारणा सगळ्यांना मिळावी, दोन्ही त्यात होतं.

प्रश्न: लेझरची फाइल सीएनसी राउटरवर प्लायवुडमध्ये चालेल? (सातारा)

उत्तर: जशीच्या तशी नाही. राउटर फिरत्या बिटने कापतो, आणि तो बिट गोल असतो. ६ मिमीच्या बिटने आतला कोपरा काढला की तिथे ३ मिमी त्रिज्येची गोलाई राहते आणि चौकोनी जीभ खाचेत पूर्ण आत जात नाही. म्हणून प्रत्येक आतल्या कोपऱ्यावर बिटाच्या मापाचं एक छोटं भोक बाहेरच्या बाजूला वाढवून काढतात. बिट ३.१७५ मिमीचा घेतलात तर ही भोकं लहान राहतात आणि केस सुबक दिसते, फक्त कापायला वेळ लागतो. जाडी इथेही कॅलिपरने मोजा, प्लायवर तर अजिबात विश्वास ठेवू नका.

दुसऱ्याने बनवलेला तयार जी-कोड (मशीनने कसं हलायचं याच्या सूचना) मात्र थेट मशीनवर चालवू नका. तो त्याच्या मशीनच्या शून्यबिंदूसाठी, त्याच्या बिटासाठी आणि त्याच्या वेगासाठी लिहिलेला असतो. तुमच्या टेबलावर तोच कोड क्लॅम्पमध्ये घुसू शकतो. डीएक्सएफ किंवा स्टेप (थ्रीडी डिझाइनची) फाइल मागा आणि कोड आपल्या मशीनसाठी नव्याने काढून घ्या.